निवतीचा कौल

देवाचा कौल लावताना मी लबाडी केली. तीही कशासाठी, तर रिसॉर्टसाठी! तेव्हा मी साठीच्या जरा अलीकडे होते आणि आपल्याइतकी हुशार बाई अख्ख्या कोल्हापुरात नाही, अशी माझी खात्री होती.

आमच्या ह्यांच्या हृदयात नुकत्याच दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टर म्हणाले, चार दिवस कुठंतरी शांत जागी जाऊन या. सुनेनं मोबाईलवर दोन ठिकाणं दाखवली, भोगवे आणि निवती. दोन्ही कोकणात, शेजारी शेजारी, मध्ये नुसता एक डोंगर. दोन्हीकडं लाकडी कॉटेज, पांढऱ्याशुभ्र चादरी, हळू बोला म्हणून पाट्या. ह्यांना भोगवे पाहिजे होतं. "तितं निदान चार माणसं तरी दिसत्यात. निवतीला बोलायचं कुणासंगं? तुझ्यासंगं?" मला निवती पाहिजे होतं. चारच खोल्या, टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. पाहुणे नाहीत, फोन नाहीत, की ह्यांचे तालमीतले दोस्त नाहीत.

दोन दिवस भांडलो. मग मीच म्हटलं, देवाला विचारू. माझं माहेर आजऱ्याकडचं. तिकडं लग्न असो नाहीतर विहीर, गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओली फुलं चिकटवतो आणि ज्या बाजूचं फूल आधी पडेल तो कौल. मी गुरवाला कशाला विचारतेय! घरच्या देव्हाऱ्यातच कौल लावला. निवतीचं फूल नुसत्या पाण्यानं टेकवलं आणि भोगव्याचं चांगलं घट्ट गंधानं चिकटवलं. ते पुढच्या दसऱ्यापर्यंत पडलं नसतं. हे पाटावर हात जोडून बसले होते. ऑपरेशनच्या आधी ज्या माणसानं देव्हाऱ्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, तो डोळे मिटून बसला होता. निवतीचं फूल पडलं. हे म्हणाले, "देवाचीच मर्जी." मी तोंडाला पदर लावून हसले. काय ती अक्कल!

निवतीला पोचलो. पहिली रात्र छान गेली. सकाळी डोळा उघडला तर शेजारी पलंग रिकामा. सकाळची गोळी टेबलावर तशीच, झाकून ठेवलेला पाण्याचा पेला तसाच. बाथरूम पाहिलं, व्हरांडा पाहिला आणि अनवाणीच पुळणीवर आले. ओल्या वाळूच्या कडेला ह्यांच्या कोल्हापुरी चपला होत्या, जोडीनं नीट काढून ठेवलेल्या. पुढं पाऊलखुणा नव्हत्या. पुढं समुद्रच होता.

"अहो!" मी ओरडले. कोल्हापुरात मी गॅलरीतून अशी हाक मारली तर चौकातला पानवालासुद्धा मान वर करतो. इथं एक कावळासुद्धा उडाला नाही. एवढी शांतता, आणि ती मी हट्टानं मागून घेतलेली! लाटेत काहीतरी काळं वरखाली होत होतं. मी वाळूत बसले आणि बोटांतून बघत राहिले. ते जवळ आलं तेव्हा ओंडका निघाला. पण तेवढ्या वेळात मी ह्यांना समुद्रातून बाहेर काढलं होतं, गाडीत घालून घाट चढवला होता आणि दारात जमलेली भावकी पण पाहिली होती.

मग गंध आठवलं. मी वाळूतच हात जोडले आणि मोठमोठ्यानं म्हणाले, "लबाडी मी केली रे देवा, त्यांनी न्हाय. मला काय करायचं ते कर."

आवाज ऐकून रिसॉर्टवर स्वयंपाक करणारी बाई धावत आली. "काकी, खंय जातले ते? येतले," ती म्हणाली, पण चपला दिसल्या आणि ती समुद्राकडं बघायला लागली. तिचं ते बघणं मला अजून विसरता येत नाही. फोन लागायला डोंगर चढावा लागे. मोबाईल घेऊन चढायला लागले, अर्ध्या वाटेवर एक काडी रेंज आली. मुलाचा नंबर काढला आणि बोट तिथंच थांबलं. बोलू काय? तुझ्या बापाला मी फसवून इथं आणलं?

तेवढ्यात खालच्या खडकांवरून कुणीतरी येताना दिसलं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगाला वाळू, हातात शेपटीला धरलेले दोन बांगडे. हे! भोगव्याच्या बाजूला कोळ्यांची रापण लागली होती. किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं दोर धरून जाळं ओढत होती. बोलायला माणसं मिळाली म्हणून आमचे पैलवान चपला काढून लाटांच्या कडेकडेनं तिकडं गेले, त्यांच्यात घुसले आणि हृदयात दोन स्टेंट घेऊन दोर ओढून आले.

मी घसरत, पडत खाली आले. आधी शिव्या दिल्या. मग त्यांचा सदरा धरून रडले. रडता रडता गंधाचं सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, मला वाटलं देवानं तुम्हाला नेलं.

हे हसले नाहीत. खडकाला टेकून बसले. त्यांना धाप लागली होती. मग म्हणाले, "मरायचंच असतं तर कोल्हापुरात मेलो असतो की, एवढा घाट कशाला उतरलो असतो? रडू नगंस. हे बांगडे धर आन माझ्या छातीवर हात ठेव जरा. आता भ्या मला बी वाटाय लागलंय."