उडालेल्या रंगांचं कपाट

मिस्त्री म्हणजे एकेकाळचा काय रुबाब! ते कारखान्यात शिरले, की रंधेसुद्धा सावरून बसायचे. आर्किटेक्टसाहेबांनी बांधलेल्या घरांमधल्या खुर्च्या, टेबलं, पलंग, सगळं मिस्त्रींच्या हातचं. साहेब घरं आखत तशी चित्रंही आखत: गोल, चौकोन, तिरक्या पट्ट्या. त्यातलं एक छापील चित्र त्यांनी मिस्त्रींना दिलं होतं. खिडकीसमोर फ्रेममध्ये लावलेल्या त्या चित्राकडे बघतच मिस्त्रींची उमेदीची वर्षं सरली.

साहेब गेले. काही महिन्यांनी त्यांच्या बाई आल्या. "मिस्त्री, ह्यांचं ते चित्र दारांवर असलेलं कपाट करून द्या. ह्यांचं काहीतरी रोज उघडता-मिटता यावं."

मिस्त्रींना नमुना कशाला हवा? चित्र तोंडपाठ होतं. मधासारखं, फिकट गुलाबी, राखाडी अशी लाकडं त्यांनी हुडकून आणली. त्यांचे पातळ तुकडे बायकोने कापले, दोघांनी मिळून दारांवर चिकटवले.

"माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीला कधी एवढ्या प्रेमाने खिळा नाही ठोकलात!"

"गिऱ्हाईक हो, मग बघू."

कपाट बघायला बाई आल्या, त्या आपल्याकडची गुंडाळी घेऊन. चित्र तेच. त्यांनी ते उलगडलं आणि मिस्त्री एकदा त्याच्याकडे, एकदा कपाटाच्या दारांकडे बघू लागले. लालभडक गोल, गर्द निळा चौकोन, काळ्याकुळकुळीत पट्ट्या!

"मिस्त्री, दारांवरचे हे रंग ह्यांचे नाहीत हो," बाई हळूच म्हणाल्या. "तो लाल त्यांनी छापखान्याशी भांडून मिळवला होता."

"अहो, खिडकीतलं ऊन!" बायकोने कपाळाला हात लावला. रोज बघणाऱ्याला रंग उतरलेला कळतो थोडाच?

"दारं नवी करतो, बाई," म्हणत मिस्त्रींनी भिंतीवरचं चित्र उतरवलं, फ्रेम सोडवली. लाकडी काठाखाली दडलेली अरुंद पट्टी अजून तश्शीच होती: लाल, निळी, काळी.

बाई तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग मधल्या फिक्या चित्राकडे बघून हसल्या. "एवढं ऊन खाल्लं होय ह्याने तुमच्यासमोर! माझ्याकडचं बिचारं गुंडाळलेलंच राहिलं."

"मग दारं?"

"राहू द्या अशीच. फक्त त्यांच्या आतल्या कडेला ही एवढी पट्टी भरा. उघडलं की दिसली पाहिजे. आणि लाल मात्र ह्यांचाच हवा हं."

रंगवलेल्या लाकडाचे तुकडे बायकोने काढले. "हा घ्या लाल."

"हा? हा तर विटकरी झाला!"

दोघी खिडकीशी उभ्या राहून हमरीतुमरीवर आल्या. मिस्त्री तोवर पट्टी भरण्यासाठी दाराचे स्क्रू सोडवू लागले.