पहिलं ‘नको’

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आरव्ही पार्कांची जेवढी माहिती त्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या रोशनी मेश्रामकडे होती, तेवढी खुद्द कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांकडेही नसेल. आणि रोशनीने आरव्हीत कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. हायवेवर तसली गाडी पुढे आली की ती लेन बदलायची. ओटा, बिछाने, न्हाणीघर असलेलं अख्खं घर चाकांवर चाललंय, त्याचे ब्रेक कसे असतील, या काळजीने.

काम दिलं होतं तिच्या लेकीने. अनिका कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या एका कंपनीत. ती, तिचा नवरा कुश आणि त्यांचे चार मित्रमैत्रिणी ऑगस्टात आरव्ही भाड्याने घेऊन समुद्राकाठी चार दिवस राहणार होते. आता ती गाडी कुठेही उभी करून चालत नाही. वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेलं पार्क शोधून त्यात जागा धरावी लागते.

“मॉम, तू शोधशील का? अशा गोष्टींत तू बेस्ट आहेस,” अनिका फोनवर म्हणाली. आणि बोलता बोलता, “यू शुड कम टू. गाडीत जागा आहे.”

“छे गं, मी कशाला? तुम्ही तरुण मंडळी जा,” रोशनी म्हणाली.

“ओके,” अनिका म्हणाली, आणि विषय कुशच्या नव्या सायकलीवर गेला.

अनिकाच्या लेखी ते बोलणं तिथे संपलं. रोशनीच्या लेखी ते नुकतं सुरू झालं होतं.

रोशनी नागपूरच्या इंदोऱ्यातली. तिचे बाबा, ज्ञानदेव, पोस्टात कारकून होते. कुणी घरी बोलावलं की बाबा हसून म्हणायचे, नको, कशाला त्रास. बोलावणाऱ्याने पुन्हा म्हटलं तर मात्र इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर. लहानपणी रोशनीला हे नाटक वाटायचं. एकदा तिने विचारलंच, जायचंच असतं तर आधी नको का म्हणता? तेव्हा बाबांनी सांगितलं, की नोकरीला नवीन असताना एका साहेबांनी चहाला बोलावलं आणि ते आनंदाने लगेच गेले. बाकीच्यांचा चहा कपबशीत आला, त्यांचा काचेच्या ग्लासात. तो ग्लास त्यांनाच विसळून खिडकीत ठेवायला सांगितला गेला. “तोंडदेखलं सगळेच बोलावतात,” बाबा म्हणाले. “पुन्हा विचारतो, त्याला आपण खरंच हवे असतो.”

रोशनी बी.एस्सी. झाली, लग्न होऊन अमेरिकेत आली, पण हे तिच्या अंगात राहिलं. कुणी जेवायला थांबा म्हटलं की तिचा हात आधी पर्सकडे जायचा. तिच्या नवऱ्याला, सुशांतला, हे पक्कं ठाऊक होतं. लग्नाचं विचारलं तेव्हा तिने त्याला दोनदा नको म्हटलं होतं. तो तिसऱ्यांदा आला तो संत्र्यांची पिशवी घेऊन, आणि म्हणाला, “आता तरी घरात घे, संत्री जड आहेत.” सुशांत गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून रोशनीला दुसऱ्यांदा विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

ती पार्क शोधायला लागली. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये तिची नोकरी होती, त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा. नळाचं की विहिरीचं? शेवटचं कधी तपासलं? मग लाटा किती उंच येतात, त्सुनामीचा भोंगा वाजला तर कुठल्या रस्त्याने वर पळायचं, जवळचं हॉस्पिटल किती लांब. एका पार्कच्या ऑफिसात डार्लीन नावाची बाई फोन घ्यायची. ती तिसऱ्या फोनला आवाज ओळखून म्हणाली, “हनी, मी इथे एकवीस वर्षं आहे. मला अजून समुद्राने नेलेलं नाही.”

डार्लीनचं पार्क रोशनीला आवडलं. सायप्रसच्या झाडांआड, वाऱ्यापासून सुरक्षित. बाथरूम हाकेच्या अंतरावर, म्हणजे रात्री उठावं लागलं तरी अंधारात चालायला नको. किनाऱ्यावर जायला पायऱ्या नव्हत्या, सपाट वाट होती. गुडघ्याचा प्रश्न मिटला. आणि वाटेच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून एक बाक होतं. वेबसाइटवरचा त्या बाकाचा फोटो ती मोठा करून बघायची. सकाळी बाकी सगळे झोपलेले असताना अनिका आणि ती तिथे चहा घेऊन बसतील. शेवटचं असं दोघीच कधी बसलो होतो, हे तिला आठवेना.

गुडघा तिचा होता. रात्री उठायचीही तीच. पण मी माझ्यासाठी शोधतेय असं तिने स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. लेकीने एवढं मोठं काम विश्वासाने सोपवलं, म्हणजे ती आणखी एकदा विचारणारच.

रविवारी बुद्धवंदनेनंतर शैलाताईंच्या बेसमेंटमध्ये चहा व्हायचा. रोशनीने तिथे पार्काचे फोटो दाखवले.

“छान आहे. पण तू जाणारेस का?” शैलाताईंनी विचारलं. त्या पुण्याच्या, सरळ विचारणाऱ्या.

“बघू. परत म्हणाली तर.”

“परत? म्हणजे एकदा म्हणालीय?”

“हो, पण असंच. बोलता बोलता.”

“आणि तू ‘नको’ म्हणालीस.” शैलाताईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, तुझी मुलगी इथे जन्मली. इथल्या पोरांना एकदा ‘नाही’ सांगितलं की दुकान बंद. माझ्या देवांगला मी एकदा म्हटलं, वाढदिवसाला काही आणू नकोस. काय आणलं असेल?”

“काय?”

“काही नाही! फोन करून सांग तिला, मी येतेय.”

“असं कसं सांगू? आपणच आपल्याला बोलवायचं?”

“मग बस फोटो बघत,” शैलाताई म्हणाल्या आणि तिच्या बशीत आणखी एक बिस्किट टाकलं. ती नको म्हणायच्या आत.

पुढच्या रविवारी रोशनीने अनिकाला फोन लावला. तिथे सकाळ होती, मागे कुश कॉफीचं यंत्र चालवत होता. रोशनीने पार्काचं वर्णन केलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, “गाडीत टेबलाजवळ एक छोटा बिछाना होतो म्हणे. तो कोण घेणार?”

“तिथे बॅगा ठेवू.”

“बरं. बाथरूम अगदी जवळ आहे हं. रात्री उठावं लागलं तर.”

“मॉम, रात्री कोण उठतंय?” अनिका हसली.

“आणि सपाट वाट आहे. बाक आहे.”

“बाक?” अनिका म्हणाली. “आम्हाला शेकोटी करता येईल अशी जागा हवीय. कड्यावर, समुद्र एकदम समोर. हे झाडांमागचं जरा… सीनियर सिटिझन टाइप वाटतंय.”

कॉफीचं यंत्र थांबलं.

“मॉम? वेट. तुला यायचं होतं?”

इतकं सरळ अनिकाने आजवर कधी विचारलं नव्हतं. “तू परत विचारलंच नाहीस,” ती म्हणाली.

“यू सेड नो!”

“ते पहिलं होतं.”

“पहिलं? म्हणजे किती असतात?”

“असं मोजत नाहीत गं. माणूस विचारतो परत.”

“पण तूच शिकवलंस ना मला? कोणी नको म्हटलं की मागे लागायचं नाही. किंडरगार्टनपासून. मी तेच केलं, मॉम.” अनिकाचा आवाज रडवेला झाला होता.

आणि ते खरं होतं. परक्या देशात मुलीला वाढवताना रोशनीने ते शंभरदा बजावलं होतं. तुझ्या नकाराला किंमत आहे, दुसऱ्याच्याही आहे. त्या वेळी आपण आपल्याबद्दलही बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“थांब, मी कुशला विचारते,” अनिका म्हणाली. “आणि बाकीच्यांना मेसेज टाकते. कोणी काही म्हणणार नाही. होल्ड ऑन.”

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. पलीकडे दोघं हलक्या आवाजात बोलत होती. शब्द कळत नव्हते. रोशनी आपल्या स्वयंपाकघरात उभी होती, पण तिला वाटलं आपण कुणाच्या तरी दारात उभ्या आहोत आणि आपल्याला आत घ्यायचं का, याची चर्चा चालू आहे. कुश चांगला मुलगा होता. तो हो म्हणेल. चारही मित्र हो म्हणतील, वर अंगठ्याचं चित्र टाकतील. मग ते तिच्यासाठी टेबलाजवळच्या बॅगा हलवतील, शेकोटीजवळ आवाज कमी करतील, बिअर कपात ओतून पितील. आणि ती चार दिवस प्रत्येकाला म्हणत राहील, माझं काही नाही, तुमचं चालू द्या.

“अनिका,” तिने हाक मारली. “अनिका! नको विचारूस कुणाला.”

अनिकाने फोन परत कानाशी घेतला. “मॉम, हे पहिलं नको आहे की खरं?”

दोघींनाही हसू आलं. रोशनीचं आधी थांबलं.

पहिलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण ते म्हटल्यावर पलीकडे पुन्हा ते हलक्या आवाजातलं बोलणं सुरू होणार होतं.

“खरं,” ती म्हणाली.

“शुअर?”

“शुअर.”

“मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी येते. फक्त मी. ओके?”

“ये,” रोशनी म्हणाली. हे मात्र तिने पहिल्याच झटक्यात म्हटलं.

फोन ठेवल्यावर तिने दोन कप विसळले. एकच वापरला होता, तरी दोन्ही विसळले. फोन टेबलावर उताणा ठेवला होता. तो वाजला नाही. मग चष्मा लावून तिने नव्याने शोधायला घेतलं. शेकोटीची जागा, कड्यावर, समुद्र एकदम समोर. अशी पार्कं आजवर ती बघताक्षणी मागे टाकत आली होती. त्यातलं एक उत्तरेला, छोटंसं निघालं. तिने फोन लावला. एका म्हाताऱ्याने उचलला.

“किती जण?”

“सहा.”

“तुम्हाला धरून?”

“नाही,” रोशनी म्हणाली. “मी मिशिगनला असेन.”

त्याने तारखा बघितल्या, जागा होती. नाव काय घालू, असं त्याने विचारलं आणि तिने अनिकाच्या नावाचं स्पेलिंग सावकाश सांगितलं. मग पाण्याचं विचारलं. पाणी चांगलं होतं.

“कड्याला कठडा आहे का?”

“कठडा नाही, मॅम. पाटी आहे. कडेपासून लांब उभे राहा, अशी.”

एरवी रोशनीने इथे आभार मानून फोन ठेवला असता. आज तिने तो कानाशीच धरला. पलीकडे वारा वाहताना ऐकू येत होता, आणि त्यामागे बहुधा समुद्र.

“बुक करा,” ती म्हणाली. “पण एक सांगा, मी तिथे नसणार म्हणून विचारते. त्या पाटीवरची अक्षरं मोठी आहेत ना?”