देवाशी बोलायचा शब्द

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने दिवसातला एक उपकार सांगायचा असतो. आई, पप्पा आणि मी, माणसं तीनच, त्यामुळे कुणालाही लपता येत नाही. आईचा नियम कडक आहे. आयुष्य, आरोग्य, सुख असले मोठे शब्द चालत नाहीत, आणि कालचं आज चालत नाही. पप्पा हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात. ते म्हणतात, "प्रभू, आज मशीनजवळचा पंखा चालू होता, तुझे उपकार." लहानपणी मी रोज "शाळेसाठी उपकार" म्हणून मोकळी व्हायचे. आई डोळे मिटलेले ठेवूनच म्हणायची, "हे त्याला काल कळलंय. पुढचं बोल."

चर्चमध्ये या गोष्टीला उपकारस्तुती म्हणतात. घरात तिचं नुसतं 'उपकार' होतं. जेवायच्या आधी उपकार, ताप उतरला की उपकार. सगळ्याच मराठी घरांत हा शब्द असाच गोड असेल, असं मी धरूनच चालले होते.

दुसरी सवय मुठीची. भाताला तांदूळ घेतले की धुवायच्या आधी आई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. महिनाअखेरीला आमचाच डबा खडखडत असतो तेव्हाही. "उरलेलं कुणीही देतं," एवढंच ती म्हणते. डबा भरला की तो कुणाच्या तरी घरी जातो.

मागच्या वर्षी तो समोरच्या काकूंकडे न्यायचं ठरलं. काकू रत्नागिरीकडच्या. आई दोन घरांचा स्वयंपाक करून परत येईपर्यंत, पहिलीपासून दहावीपर्यंत, मी शाळेतून थेट काकूंच्या घरात शिरायचे. इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर त्यांच्या दाराला कायम नुसता पडदा. वेणी घालायला मला त्यांनी शिकवलं, माशाचे काटे काढायलाही. काका रिक्षा चालवायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि रिक्षा खाली उभी राहिली.

आईने डबा माझ्या हातात दिला. मी मुळात कमी बोलणारी. काहीतरी नीट बोलावं म्हणून दारातच दोनदा मनात वाक्य जुळवलं आणि पडदा सारून म्हणाले, "काकू, हे तांदूळ. आम्ही उपकार म्हणून देतोय."

काकूंचा हात पुढे आला होता, तो तिथेच थांबला.

"काय म्हणून?"

"उपकार म्हणून." त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून मी आणखी स्पष्ट बोलले.

"बरं केलंस गो बाय, सांगितलंस ते. नाहीतर आम्हाला कळलं नसतं. घेऊन जा. अजून तेवढी वेळ आली नाही आमच्यावर."

आणि त्यांनी दार लावलं. पडद्यामागचं ते दार लागतं, हेच मी विसरले होते.

आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "तू असं बोललीस? दारात उभं राहून?"

"तू रोज बोलतेस की."

"मी देवाशी बोलते! तो शब्द देवाशी बोलायचा, वेडे. माणसाला म्हटला की त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो."

"आणि ही मराठी घेऊन बी.ए. करतेय," पप्पा म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या दिवशी मला ते कुणालाही सांगू नये असं वाटलं.

मी जाऊन समजावते, असं आई म्हणाली. मी नको म्हटलं, चूक माझी होती. पण आठवडा गेला तरी माझी हिंमत होईना. ज्या घरात मी दहा वर्षं न विचारता शिरले, त्या घराची बेल कशी वाजवायची? काकूंचं दार बंदच असायचं. ते परत उघडलं नाही, तर आईची ती मूठ मी कायमची वाया घालवली असं होणार होतं. आणि काकूही दुरावल्या असत्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "आज काही नाही."

आई रागावली नाही. पप्पाच म्हणाले, "मग जुनं बोल. आज चालेल."

मी काकूंपासून सुरुवात केली आणि थांबता येईना. वेणी, काटे, कांजण्या आल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला घेऊन उशाशी बसलेल्या काकू. बोलता बोलता माझं मलाच कळलं. मी त्यांच्या दारात देणारी म्हणून गेले होते. घेणारी म्हणून त्यांना एकदाही काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी रिकाम्या हातांनी बेल वाजवली.

"आज काय आणलंस?" काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"काही नाही. सॉरी म्हणायला आलेय."

"सॉरी कॉलेजात म्हणायचं. इथे नीट बोल."

"आमच्यात उपकार म्हणजे आभार, काकू. देवाचे. तुम्ही मला सांभाळलंत, त्याबद्दल देवाचे आभार मानायचे होते. ते तुम्हाला भलतंच म्हटलं गेलं."

काकूंनी विचारलं, "म्हणजे आभार देवाला आणि तांदूळ मला?"

"हो."

"हे आईने शिकवलं की कॉलेजने?"

"आईने. वाक्य माझं होतं."

आतून काका हसले. त्यांचं हसू तेव्हा अर्ध्या तोंडाचं होतं, पण आवाज पूर्ण होता.

"जाडे आहेत ना तांदूळ?" काकूंनी विचारलं.

"जाडेच."

"मग पेजेला बरे. आण जा. आणि दारात भाषण नको."

तेव्हापासून कॉलेज सुटलं की मी अर्धा तास काकांच्या हाताचा व्यायाम घेते. बोटं उघडायची, मिटायची, कोपर वर न्यायचं. देताना आता मी अडखळत नाही, कारण कुणाच्या घरी काही नेण्याआधी त्या घराने मला काय दिलं ते आठवून घेते. काही ना काही सापडतंच. याबाबतीत माझी खात्री पक्की आहे, बाकी बऱ्याच गोष्टींत ती नसते.

गेल्या आठवड्यात आमची प्रार्थना सुरू होणार तेवढ्यात काकू ओल्या हातांनीच दारात आल्या.

"आज यांनी आपल्या उजव्या हाताने चष्मा लावलान. गणपतीला मी सांगितलंय. तुमच्याकडेही सांगा."

आई सतरंजीवर सरकली. "तुम्हीच सांगा ना."

"मी? मला तुमचं कुठे येतंय?"

"नुसतं झालं ते बोलायचं," मी म्हणाले.

काकू बसल्या. पदराला हात पुसले, डोळे घट्ट मिटले, आणि बाजारात ओळखीच्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "चष्मा लावलान बाबा आज त्यांनी. वाकडा लावलान, पण लावलान."