माईकच्या मागचा स्टूल

आधीच स्पष्ट सांगते — भूत-बित, करणी-बिरणी मी मानत नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उभी राहून मी भगतांच्या लुबाडणुकीविरुद्ध पत्रकं वाटते. तेव्हा खाली कमेंटमध्ये गंडेदोरे सुचवणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

आमचं घर पावसजवळ. बाबा आणि त्यांचे दोस्त गणूतात्या मिळून रिबन माईक बनवायचे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन दातेरी चाकांमधून काढून चुणीदार केलेली, दोन लोहचुंबकांच्या मध्ये अलगद टांगायची. फुंकर लागली तरी फाटणार. म्हणून पट्टी बसवताना पंखा बंद... श्वाससुद्धा बंद! लहानपणी एकदा मी नेमकी शिंकले. पट्टी उडाली ती थेट तात्यांच्या मिशीवर.

"जल्लं मेलं तुझं नाक!" तात्या ओरडले, आणि मग स्वतःच हसत सुटले.

जाखडीच्या नाचात बाबा गाणार, तात्या झील धरणार — म्हणजे टाळी देऊन शेवटची ओळ उचलणार. तीही कायम अर्धी मात्रा उशिरा. बाबांचा टोमणा ठरलेला, "लागली काय बोट धक्क्याला?"

रिबन माईकला पुढून आणि मागून सारखंच ऐकू येतं. म्हणून ते दोघं भजनी मंडळांना समोरासमोर बसवून रेकॉर्ड करायचे. आख्ख्या पंचक्रोशीची गाणी घेतली — स्वतःचं एकही नाही! याचा मला आजही संताप येतो. तात्या गेले आणि त्यांनी रचलेल्या गाण्याची शेवटची ओळ त्यांच्याबरोबर गेली. बाबांना आठवेना. कागदावर कुठेच नाही.

यंदा बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग अर्धं तर अर्धं, गाणं घ्यायचंच! आदल्या शनिवारी दुपारी आंब्याच्या रिकाम्या पॅकिंग शेडमध्ये माईक लावला. बाबांनी माईकच्या मागे एक रिकामा स्टूल ठेवला. स्टुलामागे थेट छतापर्यंत रचलेला पेंढा, माणूस शिरायलाही जागा नाही.

"बाबा, हे कसलं थोतांड?"

"असू दे गो. माईक दोन तोंडांचा हाय. एक तोंड उपाशी कशाला ठेवायचं?"

मी चिडूनच रेकॉर्डिंग चालू केलं. टाळ्यांचा ठेका धरून बाबा गायले. शेवटच्या ओळीपाशी थांबले, डोळे मिटून गप्प राहिले, मग ध्रुपद घेऊन संपवलं. शेडमध्ये मला दुसरं काहीही ऐकू आलं नाही.

घरी लॅपटॉपवर लावलं. त्या गप्प जागेत एक टाळी... आणि जाडसर आवाजात — "दिवा नको गो मालवू बाय, वाट अजून ओली."

पहिला संशय माझ्याच मोबाईलवर, त्यातच काहीतरी वाजलं असणार. मग बाहेरच्या कुणावर तरी. पण या माईकमध्ये समोरच्या टाळीची रेघ स्क्रीनवर आधी वर जाते, मागच्या टाळीची आधी खाली. बाबांच्या सगळ्या टाळ्या वर. ही एकच खाली. दुसऱ्या दिवशी त्याच स्टुलावर बसून मी टाळी वाजवून पाहिली — खाली.

बाबा घाबरले नाहीत. "उशिराच आला मेला," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. सोमवारी ऑपरेशन झालं.

पत्रकं मी अजूनही वाटते, वाटणारच. पण त्या एका टाळीचं उत्तर माझ्याकडे नाही... आणि आहे असं खोटं सांगणार नाही.

बाबा आता बोलत नाहीत. रोज दुपारी ते रेकॉर्डिंग लावतात, मांडीवर ठेका धरतात. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात हवेतच थांबतो — अर्धी मात्रा.