आबांचं गाऱ्हाणं आणि विजेची गाडी

पेट्रोल भरायला लागतात पाच मिनिटं. तेवढ्यात गिऱ्हाईकाचं नावही कळत नाही. विजेच्या गाडीला लागतो तासभर, आणि तासाभरात आमच्या रत्नागिरीत माणसाचं गाव, आडनाव आणि पावसला दिलेली आत्या, सगळं बाहेर येतं! माझ्या खानावळीत किस्से साठतात ते असे.

हायवे चौपदरी झाला आणि गाड्या दारावरून सुसाट जायला लागल्या. खानावळ बंद पडायची वेळ आली. तेवढ्यात सरकारने हायवेवर चार्जिंगसाठी अनुदान काढलं आणि मी अंगणातली जागा चार्जिंगवाल्या कंपनीला देऊन टाकली. अट एकच. गाड्या फिरकल्या नाहीत तर यंत्र उचलून दुसरीकडे नेणार. मला झोप लागेना.

यंत्र बसलं त्या दिवशी शेजारच्या आबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आबा पोफळीच्या पाण्यावरच्या वीजघरातून रिटायर झालेले. "बा म्हाराजा, लाईट जाऊ देऊ नको, विंचूकाट्यापासून यंत्राला सांभाळ, वायरमनला सुबुद्धी दे..." प्रत्येक मागणीला आम्ही "व्हय म्हाराजा!"

महिनाभर एक गाडी नाही! शेवटी बायको म्हणाली, "आबा, सगळं मागितलंत, गाड्या मागायच्या राहिल्या ओ!"

*

पहिली गाडी आली पुण्याची. तेव्हा चार्जिंगच्या काँक्रीटवर आमची कोकमाची सोलं वाळत होती. इतकी छान तापलेली जागा फुकट का घालवायची? पुणेकरांनी काच खाली करून विचारलं, "ही जागा रिझर्व्ह आहे का?"

"होय," बायको म्हणाली, "सोलं वाळेपर्यंत!"

मी धावत जाऊन सोलं गोळा केली. जाताना त्यांनी तीच विकत नेली.

*

यंत्र चालू करायला ओटीपी लागतो आणि मोबाईलला रेंज मिळते मागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. गिऱ्हाईक खाली उतरेपर्यंत ओटीपी संपतो. म्हणून गिऱ्हाईक सड्यावरून आकडे ओरडतं आणि बायको खाली यंत्रावर दाबते. एक गृहस्थ वरून ओरडले, "ओटीपी कोणाला सांगू नका असं लिहिलंय!"

"मग गाडी ढकलत न्या!" बायको खालून ओरडली.

पुढचे आकडे अख्ख्या वाडीने ऐकले.

*

आबांच्या मते इथली सगळी वीज पोफळीची, म्हणजे जवळजवळ त्यांच्या घरचीच. प्रत्येक गिऱ्हाईकाला ते विचारतात, "कशी वाटली वीज?"

एक कोल्हापूरकर वैतागून म्हणाले, "विजेला काय चव असते होय?"

आबा शांतपणे म्हणाले, "पाण्यावरची आहे. हलकी. गाडीला बाधायची नाय!"

*

यंदा आंब्याच्या दिवसांत लँडलाईनवर कंपनीचा फोन आला, उद्या साहेब तपासणीला येणार. आठवडाभर यंत्राकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. यंत्र गेलं तर खानावळही गेली! दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा नारळ घेऊन आले. यंत्रासमोर उभे राहून बराच वेळ काहीतरी पुटपुटले. या खेपेला "व्हय म्हाराजा" म्हणायलासुद्धा कोणाला बोलावलं नाही.

दुपारी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो अंगणात वळला. त्याच्यामागे दोराने बांधलेली विजेची गाडी. गाडीतून घामाघूम साहेब उतरले.

"हे चालू आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

गाडी लावली. साहेब सुरमई जेवले. सोलकढीचा दुसरा ग्लास संपवून म्हणाले, "हे यंत्र इथून हलता कामा नये!"

माझा जीव भांड्यात पडला. साहेब गेल्यावर मी आबांना विचारलं, "खरं सांगा, मागितलंत तरी काय?"

"बॅटरी संपलेली एक गाडी," आबा म्हणाले. "आत साहेब बसवायचं म्हाराजानंच ठरवलं!"