दोरीचा पीळ

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंग्या म्हणत. तोही त्या हाकेला असा वळायचा, जणू कुणी महाराज म्हणूनच पुकारलं! चाळिशी ओलांडलेल्या या महाराजांकडे धनुष्य होतं, पण ते तिरंदाजी मंडळाचं. चिटणीसांनी बजावलं होतं, "भिंगोजी, ही शेवटची निवड चाचणी. नाही जमलं तर धनुष्य परत. मागे पोरं खोळंबलीत."

धनुष्य सुटं होणारं. मधली मूठ, वरचं पातं, खालचं पातं आणि दोरी, सगळं एका पेटीत निजवलेलं. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "वाद्य आहे का हो?"

"आहे की! पण एकाच सुराचं."

शेजारी बसलेली ताई खो खो हसली. ही त्याची थोरली बहीण. सुताच्या गिरणीत गुंते सोडवण्यात तिची हयात गेलेली. भावाचा खेळ बघायला ती पहिल्यांदाच निघाली होती. वाटेत त्याचा डोळा लागला, तेव्हा तिनं पेटी हळूच आपल्याकडे घेतली.

मैदानावर भिंग्यानं पाती बसवली, दोरी चढवली आणि त्याचा चेहरा पडला. दोरी मुठीच्या फारच जवळ आली होती. दोरीला पीळ भरला की ती आखडते आणि मुठीपासून हवी तेवढी दूर राहते. त्याच्या धनुष्याला नेमका किती पीळ मानवतो, हे शोधण्यात त्याचे कित्येक महिने गेले होते. प्रवासात तो सुटू नये म्हणून दोरीची दोन्ही टोकं तो एका चिमट्यात धरून ठेवी. आज चिमटा निघालेला होता.

"अरे, किती पिळवटली होती ती!" ताई कौतुकानं म्हणाली. "तू घोरत होतास, तेवढ्यात केली सरळ. बघ, एक वेढा राहिला असेल तर नाव बदलीन!"

भिंग्यानं दोरी उतरवून हातात घेतली.

"बरं केलंस," तो म्हणाला.

जादा दोरी मागच्याच आठवड्यात तुटली होती. त्यानं घाईघाईनं पुन्हा पीळ भरला, पट्टी लावून अंतर मोजलं. पण ताजा पीळ बाण सोडता सोडताच बसत जातो, तोवर दोरी लांबत राहते. सरावाचे बाण संपले तरी ती लांबतच होती. धनुष्याचा ओळखीचा आवाज गेला. दर बाणाला दोरी त्याच्या हातावर फटका मारू लागली. बाण कधी खाली, कधी डावीकडे. एक चुकून मधल्या पिवळ्या वर्तुळात बसला, तेव्हा सगळ्या मैदानात ताईनं एकटीनंच टाळ्या पिटल्या.

निकालानंतर चिटणीस जवळ आले. वाईट माणूस नव्हता तो. "आज तुझा दिवस नव्हता रे."

"नव्हता."

"पेटी मग माझ्या गाडीतच ठेवतोस का?"

भिंग्यानं पाती सोडवली, फडक्यानं पुसली आणि पेटी नेऊन ठेवली. गाडीचं दार नीट लागलं की नाही, तेही ओढून पाहिलं.

"वारा फार होता ना?" परतीच्या थांब्यावर ताईनं विचारलं.

"फार."

"आणि पेटी रे?"

"मंडळात ठेवली. तिथं बरी राहील."

"बरं झालं. पुढच्या वेळी मी आधीच येते, सगळं नीट लावून देते. तू नुसते बाण मार."

"ये," भिंग्या म्हणाला, आणि बस येतेय का ते बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.