चूक माझी हाय

औरंगपुऱ्यातला आमचा स्कूटर मेकॅनिक दुरुस्ती फसली की गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही. पाने घेऊन स्वतःच घरी येतो. ‘‘चूक माझी हाय, भाऊ,’’ म्हणतो आणि खाली बसतो.

गोवरच्या लसीनं लेकरं दगावतात, असा व्हिडिओ त्यानंच गल्लीभर पाठवला होता. नातीला लस देऊ दिली नाही, अन् तिलाच गोवर निघाला. ती कशीबशी वाचली. मग हा दारोदार फिरला. ‘‘ते झूट मीच पाठवलं व्हतं. लेकरांना लस द्या.’’ लोक हसले, काही अंगावर धावले, पण यानं एक घर सोडलं नाही.

माझ्याही दारात आला. असा माणूस आमच्या गल्लीतला, म्हणून ऊर भरून आला. मी चपला घातल्या. तोच व्हिडिओ मीही चार घरी पाठवला होता.